एकाच पानावरील फेरफार

आज मी आपल्यापुढें ज्या विषयावर बोलणार आहें, तो प्रथमदर्शनीं फार क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. संगणकाच्या पडद्यावर एक पान आहे. त्या पानावर एक बटण आहे. तें बटण दाबलें म्हणजे दूर कोठें तरी ठेवलेल्या नोंदवहींतील एक ओळ बदलते, आणि तेंच पान ती बदललेली ओळ घेऊन पुनः आपल्यासमोर उभें राहतें. पी. एच. पी. नांवाच्या भाषेंत हें काम वीस-पंचवीस ओळींत होतें, आणि ती भाषा शिकूं लागलेला विद्यार्थी अगदीं आरंभींच तें करून पाहतो. मग यांत इतिहास तो कोणता, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर मला वर्धा जिल्ह्याच्या जमिनीच्या दप्तरांत सांपडतें.

वर्धा जिल्हा १८६२ सालीं नागपूर जिल्ह्यांतून निराळा काढण्यांत आला. पुलगांवजवळील कवठा येथें त्याचें पहिलें ठाणें होतें. १८६६ मध्यें पालकवाडीच्या जागेवर वर्धा शहराची आखणी झाली आणि कचेऱ्या तेथें गेल्या. हा मुलूख तेव्हां मध्यप्रांतांत मोडत असे. गांवाचा मालक मालगुजार, आणि गांवच्या शेतांची व कुळांची लेखी माहिती ठेवणारा तो पटवारी, अशी व्यवस्था होती. १९५० च्या कायद्यानें मालगुजारी संपविली. १९५६ सालीं विदर्भ मुंबई राज्यांत आला आणि १९६० मध्यें महाराष्ट्रांत. पुढें १९६६ चा महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १५ ऑगस्ट १९६७ पासून अमलांत आला, आणि कायद्याच्या भाषेंत पटवाऱ्याच्या जागीं तलाठी आला. खेड्यांतील जुना माणूस मात्र आजहि त्याला पटवारीच म्हणतो. राज्यें बदललीं, प्रांतांचीं नांवें बदललीं. परंतु बस्त्यांत बांधलेली ती नोंद ही शेतकऱ्याच्या हक्काची साक्ष होय, ही गोष्ट कायम राहिली.

त्या नोंदींत बदल कसा करावयाचा, याविषयीं १९६६ च्या अधिनियमांतील १४९ व १५० हीं कलमें वाचण्यासारखीं आहेत. वारसा, खरेदी, वांटणी, गहाण अशा कोणत्याहि मार्गानें जमिनींत हक्क मिळाला, तर तो मिळविणाऱ्यानें तीन महिन्यांच्या आंत तलाठ्यास कळवावें. तलाठ्यानें ती वर्दी प्रथम फेरफार नोंदवहींत, म्हणजे गांव नमुना सहामध्यें, लिहावी. तिची नक्कल चावडींत लावावी आणि ज्यांचा संबंध पोंचत असेल त्यांस लेखी सूचना द्यावी. कोणी हरकत घेतली, तर ती विवादग्रस्त प्रकरणांच्या निराळ्या वहींत चढवावी आणि वरिष्ठ अधिकाऱ्यानें चौकशी करून निर्णय द्यावा. फेरफार प्रमाणित झाल्यावर मगच तो सात-बाराच्या उताऱ्यावर उतरावयाचा. तेव्हांहि जुन्या खातेदाराचें नांव खरवडून काढीत नाहींत. त्यास कंस करतात, आणि ज्या फेरफारानें हा बदल घडला त्याचा क्रमांक तेथें लिहितात.

या पद्धतीच्या मुळाशीं मला चार तत्त्वें दिसतात. पहिलें, पाहणें आणि बदलणें हीं दोन निराळीं कामें होत. कोणी सात-बारा पाहावयास आला म्हणून त्यांतील एक अक्षरहि हलतां कामा नये. दुसरें, वर्दी देणारा कोण आणि तो काय लिहून आणीत आहे, हें तपासल्यावांचून लेखणी उचलावयाची नाहीं. तिसरें, एका वर्दीची नोंद एकदांच व्हावी. चौथें, जुनी ओळ पुसूं नये. तिच्यापासून नवी ओळ कशी आली, हें पुढील माणसास दिसलें पाहिजे. संगणकाच्या पानावरील बटणाचा गेल्या तीस वर्षांचा इतिहास म्हणजे, अनेक ठेंचा खाऊन, याच चार तत्त्वांचा लागलेला शोध होय, असें माझें मत झालें आहे.

वर्ध्याचें नांव मी या संदर्भांत घेतों याला आणखी एक कारण आहे. जमिनीच्या नोंदी संगणकावर आणण्याची योजना केंद्र सरकारनें १९८८-८९ मध्यें प्रयोगादाखल सुरू केली, तेव्हां आठ राज्यांतून आठ जिल्हे निवडण्यांत आले. आंध्रांतील रंगारेड्डी, आसामांतील सोनितपूर, तेव्हांच्या बिहारांतील सिंगभूम, गुजरातेंतील गांधीनगर, मध्यप्रदेशांतील मुरैना, ओरिसांतील मयूरभंज, राजस्थानांतील डुंगरपूर, आणि महाराष्ट्रांतून वर्धा. सर्व खर्च केंद्रानें सोसावयाचा होता. हिंगणघाट-आर्वीकडील शेतांचीं नांवें यंत्रांत उतरावीं, हा विचार असा आपल्या राज्यांत प्रथम वर्ध्याच्या वांट्यास आला.

नोंद यंत्रांत चढविणें हें काम मोठें खरें. परंतु चढविलेली नोंद ताजी ठेवणें त्याहून कठीण. गांवांत माणसें मरतात, भाऊ वांटण्या करतात, शेतें विकलीं जातात. वहींतील फेरफार हातानें चालू राहिले आणि यंत्रांतील प्रत जेथल्या तेथें राहिली, तर वर्षभरांत ती प्रत निरुपयोगी होते. किंबहुना ती खरी मानून कोणी व्यवहार केला तर घातकहि होते. म्हणून खरा प्रश्न नोंद साठविण्याचा नव्हे, तर ती बदलण्याचा आहे. आणि बदलण्याचें द्वार म्हणजे तें पानावरील बटण.

आतां आपण थोडें वर्ध्याबाहेर जाऊं. ज्या आर्थिक वर्षांत वर्ध्याची निवड झाली, त्याच वर्षाच्या अखेरच्या महिन्यांत, मार्च १९८९ मध्यें, जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेंत टिम बर्नर्स-ली यांनीं एक टिपण आपल्या वरिष्ठांस सादर केलें. आज ज्यास वेब म्हणतात त्याचा उगम त्या टिपणांत आहे. परंतु सामान्य वाचकाच्या हातीं प्रथम जें पान आलें, तें वाचण्याचें पान होतें. वाचकानें कांहीं लिहून परत पाठवावें, अशी सोय १९९३ च्या सुमारास आली. मोझेक नांवाच्या ब्राउझरनें फॉर्म दाखविण्यास आरंभ केला, आणि अमेरिकेंत इलिनॉय येथें, फॉर्ममधील मजकूर सर्व्हरवरील एखाद्या प्रोग्रॅमच्या हवालीं कसा करावा, याचा ठराव करण्यांत आला. नोव्हेंबर १९९५ मध्यें फॉर्मचे नियम अधिकृतपणें प्रसिद्ध झाले.

या नियमांत विनंतीचे दोन प्रकार मुख्य मानले होते. एकाचें नांव गेट, म्हणजे ‘मला अमुक पान दाखवा’. दुसऱ्याचें नांव पोस्ट, म्हणजे ‘मी दिलेला हा मजकूर घ्या आणि त्यावर कार्यवाही करा’. उतारा मागणें आणि वर्दी देणें, हाच भेद नव्हे काय?

याच सुमारास रास्मुस लर्डॉर्फ या तरुणानें पी. एच. पी. चा पाया घातला. लर्डॉर्फ यांचा जन्म ग्रीनलंडमधला. आपल्या नोकरीच्या अर्जासाठीं इंटरनेटवर ठेवलेलें स्वतःविषयींचें पान कोण कोण पाहतो, हें समजावें म्हणून त्यांनीं १९९४ मध्यें कांहीं लहानसे प्रोग्रॅम लिहिले, आणि ८ जून १९९५ रोजीं ते सर्वांसाठीं खुले केले. ‘पर्सनल होम पेज’ या साध्या नांवाचीं तीं आद्याक्षरें. पुढें त्यांत फॉर्म वाचण्याची आणि डेटाबेसशीं बोलण्याची सोय आली. आणि अँडी गुटमन्स व झेव सुरास्की या इस्रायली विद्यार्थ्यांनीं तिचा गाभा नव्यानें लिहिल्यावर जून १९९८ मध्यें तिसरी आवृत्ति बाहेर पडली. आपल्या देशांत सामान्य माणसासाठीं इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजीं सुरू झालें. म्हणजे ही भाषा आणि आपलें इंटरनेट हीं जवळ जवळ जुळीं भावंडें होत.

या भाषेची मोहिनी अशी कीं, पानाचा मजकूर आणि पानामागचें काम हीं दोन्ही एकाच फाइलींत लिहितां येतात. फॉर्म दाखविणारें पान तेंच, आणि भरलेला फॉर्म घेणारेंहि तेंच. सेवाग्रामच्या एखाद्या विद्यार्थ्यानें सरावासाठीं असें पान केलें आहे अशी कल्पना करूं. वरच्या भागांत खातेदाराचें नांव. त्याखालीं वर्धा, देवळी, सेलू, आर्वी, आष्टी, कारंजा, हिंगणघाट, समुद्रपूर या आठ तालुक्यांतून एक निवडण्याची सोय. आणि शेवटीं ‘नोंद बदला’ असें बटण.

येथें बहुतेक सर्व नवशिके एकाच खड्ड्यांत पडतात. त्यांना वाटतें कीं, बटण दाबतांच पानांत लिहिलेलें पी. एच. पी. चें कलम धांवत येईल आणि काम करील. तसें होत नाहीं. पी. एच. पी. चें सर्व काम सर्व्हरवर चालतें, आणि पान वाचकाच्या पडद्यावर पोंचतें तेव्हां तें केव्हांच आटोपलेलें असतें. पटवारी उतारा लिहून देतो, बस्ता बांधतो आणि पुढल्या गांवीं निघून जातो. मागाहून आपण त्या कागदावर कितीहि वेळां बोट दाबलें, तरी पटवाऱ्यास तें कळणार नाहीं. त्याच्याकडे नवी वर्दी घेऊन जावेंच लागेल. बटण दाबणें म्हणजे ही नवी वर्दी होय. ती त्याच पानाकडे जाते, परंतु भेट दुसरी असते; आणि पहिल्या भेटीची कोणतीहि आठवण त्या पानास आपण होऊन राहत नाहीं.

म्हणून शहाणा लेखक पानाच्या अगदीं माथ्यावर एक प्रश्न लिहितो : ही भेट पाहण्याची आहे कीं बदलण्याची? भेट पोस्ट प्रकारची असेल, तर आलेला मजकूर तपासावा, डेटाबेसांत फेरफार करावा, आणि वाचकास परत पाहण्याच्या पानाकडे धाडावें. नसेल, तर डेटाबेसांतील आजची ओळ वाचावी आणि फॉर्म दाखवावा. हें सर्व माथ्यावरच कां? कारण वाचकास दुसरीकडे धाडण्याची आज्ञा पत्रावरील पत्त्यासारखी असते. ती मजकुराच्या आधीं गेली पाहिजे. पानांतील एक रिकामी ओळ जरी आधीं निसटली, तरी ती आज्ञा देतां येत नाहीं, आणि शीर्षक आधींच रवाना झाल्याची ती प्रसिद्ध तक्रार पडद्यावर उमटते. अनेक विद्यार्थ्यांच्या रात्री या एका रिकाम्या ओळीनें खाल्ल्या आहेत.

आतां आपलीं चार तत्त्वें एकेक घेऊन, त्यांचा भंग झाला तेव्हां काय घडलें, तें पाहूं.

पाहणें आणि बदलणें निराळें ठेवावें, हें पहिलें तत्त्व. मे २००५ मध्यें गूगल कंपनीनें वाचकांचा वेळ वांचविण्यासाठीं वेब ॲक्सिलरेटर नांवाचें एक साधन बाहेर काढलें. वाचकानें पानावरील दुवा दाबण्याच्या आधींच तें साधन तो दुवा उघडून, पुढील पान तयार ठेवीत असे. दुवा उघडणें म्हणजे केवळ पाहणें, या नियमावर त्याचा विश्वास होता. परंतु कित्येक संकेतस्थळांच्या लेखकांनीं ‘काढून टाका’ हें कामहि साध्या दुव्यावर ठेवलेलें होतें. तें साधन एकामागून एक दुवे उघडीत गेलें, आणि लोकांच्या नोंदी त्यांच्या डोळ्यांदेखत नाहींशा झाल्या. साधनानें नियम पाळला होता. पानांनीं तो मोडला होता. तेव्हांपासून, ज्या कृतीनें नोंद बदलते ती पोस्टनेंच करावी, हा जुनाच उपदेश लोक मनावर घेऊं लागले.

दुसरें तत्त्व तपासणीचें. पी. एच. पी. च्या आरंभींच्या काळीं फॉर्ममधून जें जें येई, तें तें थेट प्रोग्रॅमच्या व्हेरिएबलांत जाऊन बसे. सोय मोठी होती. पण ती चावडीचें दार सताड उघडें टाकण्यासारखी होती. लेखकानें ‘हा अधिकारी आहे’ अशी खूण ठेवण्यासाठीं जें व्हेरिएबल योजिलें असेल, त्याच नांवाचा मजकूर परक्यानें पाठविला, तर तो घटकाभर अधिकारी बनूं शके. एप्रिल २००२ मध्यें निघालेल्या ४.२ या आवृत्तीनें ही सोय मुळांत बंद ठेविली, आणि २०१२ च्या ५.४ आवृत्तींत ती समूळ काढून टाकण्यांत आली. आतां पोस्टनें आलेला मजकूर एका निराळ्या पेटींत येतो, आणि लेखकानें त्यांतून मुद्दाम उचलल्याखेरीज तो पुढें जात नाहीं.

याच तत्त्वाचें दुसरें अंग आहे. डेटाबेसला आज्ञा एस. क्यू. एल. या भाषेंत द्यावी लागते. तिचा उगम एडगर कॉड यांनीं १९७० मध्यें मांडलेल्या सिद्धांतांत आहे, आणि ती भाषा आय. बी. एम. मधील डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनीं १९७४ च्या सुमारास घडविली. ‘अमुक खात्याचें नांव अमुक करा’, अशा धाटणीची ही आज्ञा असते, आणि नांव अवतरणचिन्हांत घालावें लागतें. फॉर्ममधील नांव जसेंच्या तसें त्या वाक्यांत चिकटविलें, आणि गोव्याकडील डि'सोझा आडनांवाचा गृहस्थ आला, म्हणजे त्याच्या नांवांतील वरचा स्वल्पविराम अवतरण मध्येंच मिटवितो आणि आज्ञा मोडून पडते. येथवर ही गंमत आहे. परंतु त्याच फटींतून दुष्ट माणूस नांवाच्या जागीं आपली स्वतःचीच आज्ञा घुसवूं शकतो, हें १९९८ सालीं उघडपणें लिहिलें गेलें, आणि पुढें असंख्य संकेतस्थळांस त्याची किंमत मोजावी लागली.

यावरील उपाय, आज्ञेचा सांचा आधीं डेटाबेसकडे पाठवावा आणि त्यांत भरावयाचीं नांवें मागाहून निराळीं द्यावीं, हा होय. सांच्यांत आलेलें नांव हें नांवच राहतें. त्याची आज्ञा होऊं शकत नाहीं. २००५ च्या अखेरीस ५.१ आवृत्तीबरोबर आलेल्या पी. डी. ओ. नांवाच्या साधनानें ही रीत सुलभ केली, आणि ज्या जुन्या साधनांत ती नव्हती, तें मायएसक्यूएलसाठींचें साधन डिसेंबर २०१५ मध्यें सातव्या आवृत्तीनें रजेवर धाडलें. तलाठ्याचा छापील नमुना हेंच काम करीत आला आहे. नांवाच्या रकान्यांत कोणी हुकूम लिहिला, तरी तो नांव म्हणूनच वाचला जातो.

तिसरें तत्त्व, एका वर्दीची एकच नोंद. बटण दाबून फेरफार झाल्यावर त्याच ठिकाणीं उत्तराचें पान दाखविलें, आणि वाचकानें सहज तें पान ताजें करण्याची खूण दाबली, तर ब्राउझर तोच फॉर्म पुनः पाठवूं पाहतो. फेरफार ‘नांव बदलून अमुक करा’ असा असेल, तर दोनदां केल्यानें बिघडत नाहीं. परंतु ‘खात्यांत शंभर रुपये मिळवा’ असा असेल, तर शंभराचे दोनशें होतात. जानेवारी १९९७ मध्यें प्रसिद्ध झालेल्या वेबच्या सुधारित नियमांत यासाठीं ३०३ क्रमांकाचें उत्तर ठेवलें आहे. त्याचा अर्थ, काम घेतलें. निकाल पाहावयास अमुक पत्त्यावर जा. मग वाचकाच्या पुढें असतें तें पाहण्याचें पान. तें कितीहि वेळां ताजें केलें, तरी भीति नाहीं. तथापि अधीर माणूस उत्तर येण्यापूर्वींच दोनदां बटण दाबतो, त्यावर हा उपाय चालत नाहीं. त्यासाठीं पहिल्या भेटींतच फॉर्मबरोबर एक गुप्त क्रमांक द्यावा, परत आल्यावर तो पडताळावा, आणि एकदां वापरला कीं बाद करावा. दुसऱ्या एखाद्या संकेतस्थळानें आपल्या नकळत आपल्या नांवानें खोटी वर्दी धाडली, तर तीहि या क्रमांकाअभावीं परत फिरते.

चौथ्या तत्त्वाचें उत्तम उदाहरण आपल्या भाषेंतच आहे. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजीं सुरू झाला. तो ज्या मीडियाविकी नांवाच्या प्रणालीवर चालतो, ती पी. एच. पी. मध्यें लिहिलेली आहे. तेथें लेख दाखविणें, संपादनाचा फॉर्म देणें आणि भरलेला फॉर्म घेणें, हीं सर्व कामें पूर्वापार इंडेक्स नांवाच्या एकाच फाइलीच्या दारांतून होतात. जतन करण्याचें बटण दाबलें म्हणजे जुना मजकूर पुसला जात नाहीं. नवी आवृत्ति नव्या क्रमांकानें जोडली जाते, आणि कोणी, केव्हां, काय बदललें, हें इतिहासाच्या पानावर कोणासहि पाहतां येतें. गांव नमुना सहाशीं परिचित असलेल्या वर्ध्याच्या कारकुनास हें पाहून मुळींच नवल वाटणार नाहीं.

तेथें आणखी एक अडचण हाताळलेली आहे. वर्धा जिल्ह्यावरील लेख दोन संपादकांनीं एकाच वेळीं उघडला. पहिल्यानें आपला बदल जतन केला. दुसऱ्याच्या पडद्यावर अद्याप जुनाच मजकूर आहे. त्यानें बटण दाबलें, तर पहिल्याचें काम निमूटपणें गडप होईल. म्हणून फॉर्म आपल्याबरोबर, आपण कोणत्या आवृत्तीवरून निघालों, याची खूण घेऊन येतो. मधल्या काळांत आवृत्ति पुढें गेली असेल आणि दोन्ही बदल आपोआप जुळण्यासारखे नसतील, तर प्रणाली थांबते आणि दोन्ही मजकूर समोर ठेवून निवाडा करावयास सांगते. ही संगणकांतील विवादग्रस्त प्रकरणांची वही होय. आपल्या विद्यार्थ्यासहि हें साधतां येईल. ‘या खात्याची ओळ बदला’ एवढीच आज्ञा न देतां, ‘या खात्याची ओळ अद्याप सातव्याच आवृत्तींत असेल तर बदला’ अशी आज्ञा द्यावी, आणि किती ओळी बदलल्या तें विचारावें. उत्तर शून्य आलें, म्हणजे मध्यें कोणी येऊन गेला.

आज्ञा देतांना ‘कोणत्या खात्याची’ हा भाग विसरला, तर काय होतें, हेंहि सांगितलें पाहिजे. डेटाबेस प्रश्न विचारीत नाहीं. तो कोष्टकांतील एकूण एक ओळ बदलून टाकतो. आठ तालुक्यांतील सर्व शेतें एका क्षणांत एकाच माणसाच्या नांवें! त्याचप्रमाणें खरेदींत विकणाऱ्याचें नांव कंसांत जाणें आणि घेणाऱ्याचें नांव लागणें, हीं दोन कामें मिळून एकच काम आहे. मध्येंच वीज गेली आणि अर्धेंच झालें, तर शेत निर्नायकी होतें. दोन्ही व्हावींत, नाहींतर एकहि होऊं नये, या हमीस ट्रॅन्झॅक्शन म्हणतात, आणि जिम ग्रे यांनीं १९८१ च्या आपल्या निबंधांत तिचें मर्म उलगडून दाखविलें. पी. एच. पी. बरोबर सर्रास वापरल्या जाणाऱ्या मायएसक्यूएल या डेटाबेसच्या नेहमींच्या कोष्टकांत मात्र ही हमी २०१० पर्यंत आपोआप मिळत नसे. ती मुद्दाम मागून घ्यावी लागे.

मराठी माणसास या मार्गावर एक कांटा अधिक होता. ‘वर्धा’ हा शब्द आपण दोन अक्षरांचा मानतों. परंतु युनिकोडांत त्याचे पांच घटक होतात, आणि नित्याच्या साठवणींत पंधरा बाइट लागतात. २००४ मधील ४.१ आवृत्तीपासून मायएसक्यूएलमध्यें अशा लिपींची सोय झाली खरी, तरी स्वतः कांहीं न सांगितल्यास तो २०१८ पर्यंत पश्चिम युरोपची लिपि गृहीत धरून चाले. पान, जोडणी आणि कोष्टक या तिन्ही ठिकाणीं लिपि एकच सांगितली नाहीं, तर फेरफार यशस्वी झाल्याची ग्वाही मिळे आणि नांवाच्या जागीं प्रश्नचिन्हांची रांग उभी राही. इंग्रजी नांवावर चाचणी घेऊन समाधान मानणाऱ्याच्या हें लक्षांतहि येत नसे.

आतां पुनः वर्ध्यास येऊं. १९८८-८९ च्या त्या प्रयोगाची योजना पुढें देशभर पसरली, आणि २००८ मध्यें ती राष्ट्रीय भूमि-अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रमांत विलीन झाली. खरेदीखताची नोंदणी आणि फेरफार यांची सांगड घालणें, हें त्या कार्यक्रमाचें एक मुख्य उद्दिष्ट होतें. यंत्रांतील प्रत शिळी होऊं नये, या जुन्या काळजीचेंच तें उत्तर होय. महाराष्ट्रांत ई-फेरफार प्रणाली आली, आणि १ मे २०१८ रोजीं डिजिटल स्वाक्षरीचा सात-बारा लोकांस मिळूं लागला. ही प्रणाली पी. एच. पी. मध्यें आहे असें मी म्हणत नाहीं. भाषा कोणतीहि असो, प्रश्न तेच असतात. लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, फेरफार संगणकावर तयार होऊं लागला, तरी संबंधितांस सूचना, पंधरा दिवसांची मुदत, हरकत आणि प्रमाणीकरण हीं कायद्यानें काढून टाकलीं नाहींत. यंत्रास एक क्षण पुरतो, म्हणून माणसाची हरकत घेण्याची मुदत एका क्षणावर आणण्यांत आली नाहीं. मला यांत मोठें शहाणपण दिसतें.

कारण या ओळींच्या मागें माणसें आहेत. नवरा वारल्यावर एखाद्या बाईचें नांव वारसानें शेतावर लागावयाचें असतें. तें लागलें नाहीं, चुकीच्या गटावर लागलें, किंवा लागून पुनः पुसलें गेलें, तर पेरणीच्या तोंडावर तिला पीककर्ज मिळण्याची पंचाईत होते. ज्यानें तें पान लिहिलें, तो कदाचित् पुण्यास किंवा बंगळुरास बसलेला असेल, आणि आपल्या एका विसरलेल्या शब्दानें काय घडलें, हें त्याच्या कानींहि जाणार नाहीं. पटवारी निदान गांवांत राहत असे, आणि लोक त्याचें दार ठोठावूं शकत.

म्हणून वर्ध्याचा जो विद्यार्थी आज आपलें पहिलें बटण आणि पहिला फेरफार एका पानावर लिहूं पाहत असेल, त्यास माझें एवढेंच सांगणें आहे. भाषेचीं पुस्तकें त्यानें अवश्य वाचावींत. परंतु एकदां आपल्या घरच्या जमिनीच्या एखाद्या जुन्या फेरफाराची नक्कल काढून तीहि नीट वाचावी. वर्दी कोणी दिली, कोणत्या तारखेस दिली, सूचना कोणास गेली, हरकत आली कीं नाहीं, प्रमाणित कोणी केलें, हें सर्व त्या एका लहानशा चौकटींत लिहिलेलें असतें. मग आपल्या पानाकडे वळावें आणि स्वतःस विचारावें कीं, यांतील कोणता रकाना मी रिकामा सोडला आहे?